आंबोलीच्या धुक्यात मागून हॉर्न वाजतो तेव्हा

प्रश्न : मी सावंतवाडीची. गेल्या वर्षी आजऱ्याला बँकेत बदली झाली. शनिवारी घाट उतरून घरी येते आणि सोमवारी सकाळी परत घाट चढून दहाच्या आत शाखेत पोचते. गाडी स्वतःच चालवते. पावसाळा लागला की आंबोली घाटात इतकं धुकं असतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. परवाच्या सोमवारी पुढच्या ट्रकने चारही इंडिकेटर लावले होते, म्हणून मीही लावले. मी वीस-पंचवीसच्या वेगाने चालले होते. मागचा गाडीवाला सारखा हॉर्न आणि अप्पर-डिपर मारत होता. शेवटी मी वेग वाढवला, आणि वळणावर बंद पडलेला टेम्पो थोडक्यात चुकवला. घरी प्रत्येकाचं वेगळं मत. नवरा म्हणतो, अप्पर लाव. दिरांनी हेडलाइटला पिवळी फिल्म चिकटवून दिली. सासूबाई म्हणतात, गाडी ठेव घरी आणि एसटीने जा. लायसन्स काढून दोनच वर्षं झाली आहेत. मी खरंच फार हळू चालवते का?
– एक वाचक, आजरा

उत्तर : नाही. त्या घाटात, तशा धुक्यात वीस-पंचवीस हा बरोबर वेग आहे. गडबड झाली ती मागच्याच्या दडपणाखाली तुम्ही तो वाढवलात तिथे. हॉर्न वाजवणाऱ्याला तुमच्या पुढचं काहीही दिसत नसतं. त्याला दिसतात फक्त तुमच्या गाडीचे मागचे दिवे, आणि त्यांच्या भरवशावर तो निवांत असतो. टेम्पो त्याच्या आधी तुम्हाला लागणार होता. तेव्हा किती वेगाने जायचं हे त्याने ठरवायचं काही कारणच नाही.

हळू किंवा जोरात हे मनाने ठरवू नका, आकडे बघा. पुढे काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. त्यानंतर गाडी ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी अंतर खाते. ताशी ६० ला हे सगळं मिळून ६० मीटरच्या आसपास जातं. ४० ला तीस-बत्तीस मीटर, ३० ला वीस-एकवीस, आणि २० ला बारा-तेरा. आपली लाल एसटी लांबीला अकरा-बारा मीटर असते. म्हणजे ताशी ३० ने जाताना तुम्हाला थांबायला जवळजवळ दोन एसट्यांएवढी जागा लागते. ४० ला ती तीन एसट्यांच्या घरात जाते.

घाटात याच्यावर आणखी एक कात्री लागते. रस्ता दुपदरी, मध्ये दुभाजक नाही, आणि समोरून येणाऱ्यालाही थांबायला जागा हवी. वळणावर कुणी तुमच्या बाजूला घुसलेला असेल, तर दिसतंय त्यातलं निम्मंच अंतर तुमचं, बाकी निम्मं त्याचं. चाळीस मीटरपर्यंत दिसत असेल तर वीस मीटरमध्ये थांबता आलं पाहिजे, म्हणजे वेग तीसच्या आत. पंचवीस मीटरच दिसत असेल तर वीस. हवामान खात्याच्या भाषेत २०० मीटरच्या आत दिसेनासं झालं की दाट धुकं आणि ५० च्या आत अतिदाट. आंबोलीत जुलैमध्ये अतिदाट धुकं म्हणजे काही विशेष बातमी नाही. तेव्हा तुमचा काटा पंचविसावर होता तो भित्रेपणा नव्हता, तो हिशोब होता.

गाडी चालवताना मीटर मोजत बसणार कोण? त्याला एक सोपा उपाय आहे. धुक्यातून कठड्याचा दगड किंवा एखादी पाटी पहिल्यांदा दिसली की मनात मोजायला लागा : एक हजार एक, एक हजार दोन... पाच म्हणायच्या आत तुम्ही तिच्यापाशी पोचलात तर वेग जास्त आहे. आणि नजर मधूनमधून काट्यावर टाका. धुक्यात कडेची झाडं, खांब दिसेनासे होतात आणि त्याबरोबर आपण किती वेगाने चाललोय याचा अंदाजही बिघडतो. आपण रांगतोय असं वाटत असतं आणि काटा चाळिसावर गेलेला असतो.

आता दिव्यांकडे येऊ, कारण तुमच्या घरातला सगळा वाद तिथेच अडकलाय.

तुमच्या नवऱ्याला सांगा, अप्पर नको. धुकं म्हणजे हवेत लटकलेले पाण्याचे बारीक थेंब. अप्परचा झोत सरळ आणि वर जातो, त्या थेंबांवर पडतो आणि तिथूनच उलटा डोळ्यांवर येतो. समोर पांढरा पडदा टांगल्यासारखं होतं. एकदा घाटाच्या पायथ्याशी सुरक्षित ठिकाणी थांबून त्यांनाच ड्रायव्हर सीटवर बसवा आणि अप्पर-डिपर करून दाखवा, वाद तिथल्या तिथे मिटेल. डिपर खालच्या बाजूला आणि डावीकडे पडतो, म्हणून डिपरच. पुढचे फॉग लॅम्प असतील तर तेही लावा. ते बंपरमध्ये खाली बसवलेले असतात आणि रुंद, चपटा उजेड टाकतात, त्यामुळे रस्त्याची कड दिसते.

दिरांची पिवळी फिल्म काढून टाका. हेतू चांगला आहे, पण फिल्म दिव्याचा काही उजेड खाऊन टाकते आणि बदल्यात फारसं काही देत नाही. पिवळा प्रकाश धुकं भेदतो हा समज फार जुना आहे. मात्र धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा, पांढरा असा भेदभाव करत नाहीत, सगळेच रंग सारखेच विखुरतात. पिवळ्याने डोळ्यांना थोडं बरं वाटतं असं काही जण म्हणतात, ते असेलही. फॉग लॅम्पचा फायदा होतो तो मुख्यतः तो खाली बसवलेला असतो म्हणून, रंगामुळे नाही.

नव्या गाड्यांमुळे एक वेगळाच घोटाळा झालाय. इंजिन सुरू केलं की पुढे ते झकपक डे-टाइम रनिंग लाइट लागतात आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपले दिवे चालू आहेत. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी मागचे दिवे बंदच असतात. दिव्याचा खटका ‘ऑटो’वर ठेवला तरी हेच होतं. दिवसाचं धुकं पांढरंफटक आणि उजेडाचं असतं, गाडीच्या सेन्सरला अंधार जाणवत नाही आणि तो दिवे लावत नाही. म्हणजे तुम्ही पुढून नवरीसारख्या सजलेल्या आणि मागून अदृश्य. घाट लागायच्या आधी खटका हाताने डिपरवर करा. मागे लाल फॉग लॅम्प असेल तर त्याचं बटण कुठलं ते आजच शोधून ठेवा. अनेक गाड्यांत तो असतो आणि मालकाला माहीत नसतं. दाट धुक्यात तो लावायचा आणि धुकं सरलं की आठवणीने बंद करायचा, कारण मोकळ्या हवेत तो मागच्याच्या डोळ्यांत खुपतो.

चारही इंडिकेटर लावून चालत राहणं ही आपल्याकडची सगळ्यात लाडकी आणि सगळ्यात वाईट सवय. ट्रकने लावले म्हणून तुम्ही लावले, तुमचे बघून मागच्याने लावले, आणि अख्खा घाट लखलखायला लागला. चारही चालू असले की तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे हे सांगायची सोयच उरत नाही. शिवाय जो खरोखर बंद पडून रस्त्यात उभा आहे, तोही तसाच चमकत असतो. तुम्हाला वळणावर भेटलेल्या टेम्पोने चारही दिवे लावले असते तरी तो उभा आहे की चालतोय हे तुम्हाला कसं कळणार होतं? तुमच्या पुढचा ट्रक चालत होताच ना तसेच लावून. हॅझार्ड हा थांबलेल्या गाडीचा दिवा आहे. पुढे अचानक सगळं ठप्प झालेलं दिसलं आणि मागच्याला सावध करायचं असेल तर थोडा वेळ लावा, हरकत नाही. एरवी त्या बटणाला हात नको.

काचेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण निम्मं धुकं बाहेर असतं आणि निम्मं गाडीच्या काचेवर. आतून बाष्प धरलं असेल तर एसी चालू करा, हवेचा झोत पुढच्या काचेवर सोडा, तापमान थोडं वाढवा, आणि आतली हवा आतच फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत येऊ द्या. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, म्हणून उकडत नसलं तरी तो हवाच. हाताने किंवा ओढणीने काच पुसू नका. तेलकट फराटे उठतात आणि समोरून दिवा आला की ते चकाकतात. उलट कधीकधी बाष्प काचेच्या बाहेरून धरतं, आतला एसी फार थंड असेल तेव्हा. आतून कितीही पुसा, ते जात नाही. तेव्हा वायपर मारा आणि एसीची थंडी कमी करा. दाणोलीला चहाला थांबलात की एक ओलं फडकं घेऊन पुढचे-मागचे सगळे दिवे पुसून घ्या. पावसाळ्यात सावंतवाडीपासून तिथपर्यंतच त्यांच्यावर चिखलाचा लेप बसलेला असतो. गाणी बंद करा, ड्रायव्हरच्या बाजूची काच चार बोटं खाली घ्या. घाटात समोरून येणारी गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. आंधळ्या वळणाआधी एक आखूड हॉर्न द्या आणि उत्तर येतंय का ते ऐका.

‘दहा वाजता निघ, तोवर धुकं उठतं,’ असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगितलंच असेल. ते डिसेंबरात देशावर खरं आहे. तिथे निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतच्या ओलसर हवेत धुकं धरतं, आणि ऊन चढलं की विरतं. जुलैतल्या आंबोलीचं धुकं त्या जातीचं नाही. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीच्या कड्याला धडकतो, वर चढताना गार होतो आणि त्याचा ढग होतो. त्या ढगाच्या पोटातून तुमचा रस्ता जातो. त्याला सकाळ-दुपारचं वेळापत्रक नसतं. दिवसभर बसून राहील, नाहीतर पाच मिनिटांत जाईल आणि पुढच्या वळणावर परत भेटेल. धोका आहे तो या येण्याजाण्यात. शंभर-दीडशे मीटर लख्ख दिसायला लागतं, सगळे जण सुटकेचा श्वास टाकून ॲक्सिलरेटर दाबतात आणि वळणापलीकडच्या ढगात पन्नासच्या वेगाने घुसतात. घाटातला मोकळा तुकडा हा वेळ भरून काढायला नाही, आरसे बघून घ्यायला आणि मान मोकळी करायला आहे.

एसटीच्या मागे लागून चढायचं, हा सल्लाही तुम्हाला मिळालेला असणार. वाईट नाही. एसटीचा चालक उंच बसतो, त्याला कड आपल्यापेक्षा चांगली दिसते आणि घाट त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. फक्त तिचे लाल दिवे नजरेतून सुटू नयेत म्हणून माणसं तिच्या बंपरला चिकटतात, तसं करू नका. ती दिसेनाशी झाली तर होऊ दे. तुमची वाट म्हणजे डाव्या कडेचा पांढरा पट्टा, आणि तो पावसाने पुसला गेला असेल तर कठड्यावरचे रिफ्लेक्टर. मधल्या पट्ट्यावर नजर लावून चालाल तर समोरचाही त्याच पट्ट्यावर नजर लावून येत असतो. फोनवरचा नकाशा पुढचं वळण दाखवतो, तेवढ्यापुरता ठीक. वळणावर उभा असलेला गवा तो दाखवत नाही, आणि काळाकभिन्न गवा धुक्यात फार उशिरा दिसतो.

शनिवारी उतरताना ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनाने वेग धरून ठेवा. मात्र नुसत्या गिअरने वेग कमी केला की मागचा ब्रेक-दिवा लागत नाही आणि मागच्याला तुम्ही हळू झालात हे कळत नाही. म्हणून गिअर उतरवताना ब्रेकला पायाचा हलका स्पर्श करा, एकदोनदा दिवा लागेल एवढाच. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. शनिवारी घाटात याहून मोठी अडचण म्हणजे धबधबा. त्याच्या अलीकडे-पलीकडे पर्यटकांच्या गाड्या निम्म्या रस्त्यावर लावलेल्या असतात आणि माणसं, लहान मुलांसकट, रस्त्याच्या मधून भिजत चालत असतात. त्यांना वाटतं आपण सहलीला आलोय, इथे गाड्या कशाला येतील! तिथे पायी चालण्याच्या वेगाने जा. शनिवार-रविवारची दुपार टाळता आली तर फारच उत्तम.

आता तो हॉर्नवाला. त्याच्याशी भांडू नका, त्याला धडा शिकवायला मुद्दाम अजून हळू होऊ नका, आणि हात बाहेर काढून ‘जा पुढे’ अशी खूणही करू नका. समोरून काय येतंय ते तुम्हालाच दिसत नाही, मग तुमच्या खुणेवर तो कशाच्या भरवशावर जाणार? रस्त्याच्या बाहेर डाव्या हाताला पक्की, रुंद जागा दिसली की डावा इंडिकेटर द्या (चारही लावलेले नसतील तरच हे जमतं), पूर्ण बाहेर या, त्याला जाऊ द्या, आणि मागे दुसरं कोणी नाही हे बघून परत रस्त्यावर या. अशी जागा मिळेपर्यंत त्याला हॉर्न वाजवू दे. हॉर्नने आजवर कुणाची गाडी फुटलेली नाही.

थांबायची वेळ आलीच, तर साईडपट्टीवर अर्धवट नाही. मागचा तुमचे दिवे बघून ‘हा रस्ता’ असं समजून सरळ तुमच्यावर येतो. पूर्ण बाहेर, आणि दरडीखाली नाही. तिथे हेडलाइट बंद करा, हॅझार्ड लावा, ब्रेकवरचा पाय काढा. गाडी रस्त्यातच बंद पडली तर दिवे चालू ठेवून हॅझार्ड लावा, रस्ता नसलेल्या बाजूने उतरा आणि गाडीपासून लांब, सुरक्षित जागी उभं राहून फोन करा. गाडीच्या मागे उभं राहून ‘हळू, हळू’ असे हात करणारी माणसं बघितली की माझा जीव खालीवर होतो. लाल त्रिकोण मागे ठेवायला जायचं असेल तर कडेकडेने, वाहनांकडे तोंड करून जा.

राहिल्या सासूबाई. मला विचाराल तर घरातला सर्वांत शहाणा सल्ला त्यांचा आहे, फक्त त्यांनी तो सरसकट दिलाय. तुमची खरी अडचण धुकं नाही, दहाचा ठोका आहे. दहाच्या आत शाखेत पोचायचंय म्हणून निघताना घड्याळ बघितलं जातं, आणि मग मागचा हॉर्न जास्त टोचतो, कारण आपल्यालाही घाई असते. तेव्हा पावसाळ्याचे चार महिने आठवड्याची मांडणीच बदला. रविवारी उजेड असताना वर जा आणि रात्र आजऱ्याला काढा. सावंतवाडीत फारच ओढ लागली असेल आणि सोमवारीच निघायचं असेल, तर नेहमीपेक्षा तासभर आधी निघा. ज्या सकाळी पायथ्यालाच मुसळधार असेल किंवा दरडीची बातमी असेल, त्या सकाळी एसटी किंवा रजा. शाखेतल्या साहेबांशी हे एकदाच, जूनमध्येच बोलून ठेवा : पावसाळ्यात एखाद्या सोमवारी उशीर होईल, कळवीन. घाटातून थरथरत फोन करून सांगण्यापेक्षा ते बरं. घाटात फोन लागेलच असंही नाही.

आणि हे सगळं सप्टेंबरात संपलं असं समजू नका. दिवाळीनंतर आजरा-गडहिंग्लज भागात हिरण्यकेशीकाठच्या शेतांवर पहाटेचं धुकं धरतं, आणि त्याच सुमाराला उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, असलाच तर उसाच्या वाड्याने झाकलेला, आणि बाहेर आलेले ऊस तुमच्या काचेच्या उंचीवर. रस्ता सरळ आणि ओळखीचा असतो म्हणून तिथे काटा सहज सत्तरीवर जातो. तिथेही तेच पाच आकडे मोजा. ते धुकं मात्र खरंच ऊन चढल्यावर उठतं, तेव्हा त्या दिवसांत दहाला निघायला हरकत नाही, बँकेची असेल तेवढीच.

ता. क. : फिल्म काढताना हेअर ड्रायरने जरा गरम करून एका कोपऱ्यापासून सावकाश ओढा, नाहीतर डिंक दिव्यावर राहतो आणि त्यावर धूळ बसते. दिरांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्याच हातून काढून घ्या.